नाताळची घाई आणि आगमनकाळाची शांतता

इंग्लंडमध्ये डिसेंबर लागला की ओळखीचा-अनोळखी प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "झाली का नाताळची तयारी?" दुकानात काउंटरवरची मुलगी विचारते, शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आया विचारतात, वॉर्डात ब्लडप्रेशर घेताना पेशंट विचारतात. उत्तरही ठरलेलं. "कसली तयारी, अजून निम्मं राहिलंय!" असं म्हणायचं, दोघांनी हसायचं आणि पुढे जायचं. चुकून कुणी "हो, झाली" म्हणालं तर समोरच्याला थोडा रागच येतो.

मी मूळची नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. पणजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती. गेली चौदा वर्षं मी स्विंडनमध्ये राहते आणि एका हॉस्पिटलात नर्स आहे. या प्रश्नाचा मला कंटाळा येत नाही, उलट तो मला फार नेमका वाटतो. कारण ख्रिस्ती पंचांगात हा अख्खा महिनाच तयारीचा आहे. पण ती कसली तयारी, हे विचारायला डिसेंबरात कुणाला सवड नसते. आम्हा ख्रिस्ती लोकांनाही नसते, आणि त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

आमच्या ज्या वाचकांचा चर्चशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. नाताळाआधीच्या काळाला आम्ही आगमनकाळ म्हणतो. 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो आणि 24 डिसेंबरच्या संध्याकाळी संपतो. त्यात चार रविवार येतात. हा काळ सणाचा नाही, वाट पाहण्याचा आहे. जुन्या काळी युरोपात काही भागांत 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणानंतर नाताळपर्यंत लोक उपास धरत. आजही अनेक चर्चमध्ये या दिवसांत वेदीवर जांभळं वस्त्र असतं, आणि जांभळा हा आमच्याकडे आत्मपरीक्षणाचा रंग. सण सुरू होतो तो 25 डिसेंबरला, आणि मग 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत बारा दिवस चालतो. म्हणजे आधी चार आठवडे थांबायचं, गप्प राहायचं, वाट पाहायची, आणि मग बारा दिवस मनसोक्त आनंद करायचा, असा मूळचा हिशेब.

बाजाराने हा हिशेब बरोबर उलटा केला आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर रस्त्यांवर रोषणाई होते, नोव्हेंबरच्या शेवटी 'ब्लॅक फ्रायडे'चा सेल येतो, चार आठवडे सगळीकडे गाणी, पार्ट्या, खरेदी. आणि 26 डिसेंबरला सकाळी? त्याच दुकानांत नाताळचा माल निम्म्या किमतीत. नवीन वर्ष उजाडेपर्यंत कित्येक घरांतली झाडं फाटकाबाहेर आडवी पडलेली असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गणपती बसायच्या आधी दहा दिवस मिरवणुका काढायच्या आणि चतुर्थीला सकाळी विसर्जन उरकायचं, असा हा प्रकार. सण सुरू होतो त्या दिवशी लोक दमून सोफ्यावर पडलेले असतात.

आता कुणी म्हणेल, बाजाराला नावं ठेवणं सोपं आहे. खरं आहे. म्हणून आधी आपल्या घरातलं बघू. शाळेत मुलांचं नाताळचं नाटक, त्यासाठी मेंढपाळाचा डगला, म्हणजे जुना टॉवेल आणि दोरी. ख्रिसमस जंपर घालून जायचा दिवस. शिक्षकांना भेटी. ऑफिसात 'सीक्रेट सँटा'. शेजाऱ्यांना कार्डं. चर्चमध्ये कॅरल, त्याची तालीम, त्यानंतरच्या चहाला कुणी काय आणायचं याची यादी. आणि आपण परदेशातली माणसं, म्हणून या सगळ्यावर आपला असा आणखी एक थर. मराठी मंडळींचा वेगळा कार्यक्रम, त्यासाठी हॉल, मुलांची नाटुकली, पन्नास माणसांचं जेवण. करंज्या, चकल्या, शेव, अनारसे झालेच पाहिजेत, कारण नगरला आमच्याकडे नाताळला फराळ असतो आणि तो नसेल तर नाताळ वाटत नाही. गावाकडे पाठवायचे पैसे, नातेवाइकांना फोन, आणि प्रत्येक ठिकाणचे फोटो. यातलं काहीही वाईट नाही. प्रत्येक गोष्ट मायेपोटी होते. पण एकाशेजारी एक ठेवल्या की चार आठवड्यांत देवासाठी जागा उरत नाही. ज्या गोष्टीची आम्ही एवढी गाणी म्हणतो, त्या धर्मशाळेतही जागा नव्हतीच. तिथल्या मालकालाही बहुधा वाटलं असेल की आज फारच गर्दी आहे, काय करणार!

दिवाळी साजरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणी हे ऐकून मान हलवतात. परदेशात दिवाळीही दिवाळीला होत नाही. हॉल मिळेल त्या शनिवारी होते, आणि चार मंडळं असतील तर चारदा होते. तेव्हा ही कथा फक्त ख्रिस्ती घरांची नाही. परक्या देशात आपण सण हातातून निसटेल या भीतीने तो इतका घट्ट धरतो की त्याचा श्वास कोंडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की शांतता ही सगळी कामं आटोपल्यावर उरणारी गोष्ट नाही. कामं आटोपत नाहीतच. शेतकरी जसं बियाणं आधी बाजूला काढतो आणि मग उरलेलं खातो, तशी ती आधी बाजूला काढावी लागते. जे सगळ्यांत शेवटी ठेवलं जातं ते संपूनच जातं.

हे फक्त माझ्या मनचं नाही, इथल्या कायद्यालाही हे कळलेलं आहे. 25 डिसेंबरला या देशात विलक्षण शांतता असते. रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद, गावातल्या बसही बंद. इंग्लंड आणि वेल्समध्ये 280 चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान त्या दिवशी उघडायला कायद्याने बंदी आहे. हा कायदा 2004 सालचा. त्यासाठी दुकानांत काम करणाऱ्यांच्या कामगार संघटनेने जोर लावला होता, कारण हळूहळू एकेक मोठं दुकान त्याही दिवशी उघडं राहील, ही भीती खरी होती. नुसती परंपरा होती तोवर ती दर वर्षी थोडी थोडी झिजत होती. ती टिकली, कारण कुणीतरी कुंपण घातलं. एका दिवसाच्या शांततेसाठी संसदेला कायदा करावा लागतो, तर आपल्या घरातली दहा मिनिटं आपोआप मिळतील असं आपण कशाच्या भरवशावर धरून चालतो?

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे आणि ती सहसा प्रवचनात येत नाही. माझी घाई ही दुसऱ्या कुणाची तरी रात्रपाळी असते. स्विंडनच्या आसपास मोठमोठी गोदामं आहेत. डिसेंबर हा त्यांचा 'पीक सीझन'. आपल्याकडून शिकायला आलेली मुलं-मुली त्या दिवसांत अशा गोदामांत पार्सलं भरतात, व्हॅनमधून घरोघर पोहोचवतात. "उद्या हवं" असं मी रात्री अकरा वाजता मोबाइलवर दाबते, तेव्हा कुणाची तरी संध्याकाळ मी विकत घेतलेली असते. म्हणून माझ्या दृष्टीने आगमनकाळातला सगळ्यात साधा उपास म्हणजे शेवटच्या आठवड्यात काहीही न मागवणं. राहिलं ते राहिलं. एखाद्या वर्षी भावजयीला शाल जानेवारीत मिळाली म्हणून नातं तुटत नाही.

नाताळची गोष्ट आपण नेहमी मरिया आणि देवदूतापासून सुरू करतो. पण लूकच्या शुभवर्तमानात ती त्याआधी सुरू होते, आणि सुरू होते एका कामात बुडालेल्या माणसापासून. जखऱ्या नावाचा म्हातारा याजक मंदिरात धूप जाळण्याची पाळी करत असतो. बाहेर लोक खोळंबलेले. तिथे देवदूत येऊन त्याला मुलगा होणार असं सांगतो, त्याला ते खरं वाटत नाही, आणि त्याची वाचा बंद होते. बाहेर येऊन त्याला लोकांशी खुणांनी बोलावं लागतं. मूल जन्मून त्याचं नाव ठेवण्याची वेळ येईपर्यंत, म्हणजे किती तरी महिने, तो मुका राहतो. लहानपणी मला ही शिक्षा वाटायची. आता नर्सच्या नोकरीत रोज शेकडो वाक्यं बोलून घरी येते, तेव्हा मला तो जखऱ्यावर केलेला उपकार वाटतो. ज्याचं कामच देवाविषयी बोलणं, त्यालाच देवाने आधी गप्प केलं. जे घडत होतं ते त्याला पाहता यावं, म्हणून. आमचे पाळक, गायनमंडळाचे प्रमुख, कार्यक्रमाचे सूत्रधार, सगळ्यांनी डिसेंबरात जखऱ्याची आठवण ठेवायला हवी.

शांत राहून देवाला ओळखा असं सांगणारं 46वं स्तोत्र आमच्यात फार लोकप्रिय आहे. त्यातली ती एक ओळ कपांवर, कॅलेंडरांवर छापलेली असते, मागे धुक्यातल्या तळ्याचं चित्र. पण ते पूर्ण स्तोत्र वाचून पाहा. त्यात डोंगर समुद्रात कोसळताहेत, राष्ट्रं खवळली आहेत, युद्धाची शस्त्रं मोडली जाताहेत. त्या सगळ्या कल्लोळाच्या मधोमध ती आज्ञा येते. तळ्याकाठी बसलेल्या माणसाला कुणी शांत हो म्हणून सांगत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं तेवढंच होतं. खरं कळलं ते गेल्या वर्षी. जूनमध्ये आई गेली. तिच्यामागे पहिला डिसेंबर आला तेव्हा सगळ्यांनी मायेने तेच सांगितलं, "एकटी बसू नकोस, कामात राहा, मन रमव." मैत्रिणींनी माझे सगळे शनिवार भरून टाकले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण आगमनाच्या पहिल्या रविवारी रात्री आम्ही नेहमीप्रमाणे पहिली मेणबत्ती लावून बसलो आणि दोन मिनिटांत मला रडू आलं. नवरा काही बोलला नाही. मुलाने टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि तोही गप्प बसला. बस, एवढंच झालं. पण सहा महिने जे रडणं शिफ्ट, विमान, कागदपत्रं, फोन यांच्यात कुठे बसत नव्हतं, त्याला जागा मिळाली.

म्हणून मी शांततेबद्दल गोड गोड लिहिणार नाही. शांत बसलं की पहिल्यांदा मनाला बरं वाटतंच असं नाही. जे दाबून ठेवलेलं असतं ते वर येतं. गेलेली माणसं येतात, भावाशी न बोललेली तीन वर्षं येतात, आपण इथे कशासाठी राहतोय हा प्रश्न येतो. मला वाटतं, आपण घाईला शिव्या देतो पण मनातून तिला धरून असतो, ते यासाठीच. गडबड आपल्याला या सगळ्यापासून वाचवते. ख्रिस्ती माणसाची श्रद्धा अशी, की देव त्या बसण्यात आपल्याबरोबर बसतो. बेथलेहेमात आलेला देव राजवाडा झाडून-पुसून तयार होण्याची वाट बघत राहिला नाही, तो गोठ्यात आला. मनाच्या गोठ्यातही तो येतो, तिथली झाडलोट झालेली नसली तरी.

आता आम्ही घरी काय करतो ते सांगते. सल्ला म्हणून नाही, नमुना म्हणून. टेबलावर हिरव्या डहाळ्यांचं एक कडं आणि त्यात चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं चारपर्यंत. ही पद्धत जर्मनीतून आली. 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवत. नाताळ कधी येणार म्हणून मुलं रोज भंडावून सोडत. त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक छोटी आणि रविवारची मोठी, म्हणजे मुलांना दिवस मोजता यावेत. थोडक्यात, हे कडं म्हणजे धीर धरायला शिकवणारं साधन आहे, शोभेची वस्तू नव्हे. इथे डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. त्या अंधारात पहिल्या आठवड्यातली ती एकच ज्योत किती अपुरी दिसते, आणि ती तशी अपुरी दिसावी हेच बरोबर आहे.

जेवणं झाली की सगळे मोबाइल खणात. दिवा बंद. मेणबत्ती पेटवून दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. त्यानंतर थोडं वाचन, आणि शेवटी उपासना-संगीतातलं एखादं गीत, आवाज असेल तसा. पहिल्या वर्षी मुलांनी खूप चुळबुळ केली. आता धाकटी स्वतः घड्याळ लावते. एखाद्या दिवशी मी कामावर असते तेव्हा ती तिघं बसतात. एखादा दिवस चुकतोही. चुकला तर दुसऱ्या दिवशी बसायचं, हिशेब ठेवायचा नाही.

वाचनाचं सांगते, कारण त्यात एक गंमत आहे. स्विंडनहून गाडीने थोड्याच अंतरावर, विल्टशायरमध्येच, बुश्टन नावाचं खेडं आहे. फादर थॉमस स्टीफन्स मूळचे तिथले मानले जातात. इंग्लंडमध्ये कॅथलिकांना जगणं अवघड झालं होतं त्या काळातला हा माणूस घर सोडून रोमला गेला, येशूसंघात सामील झाला आणि 1579 साली गोव्याला पोहोचला. तिथे त्याने मराठी इतकी आपलीशी केली की सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहिलं. ते 1616 साली छापून निघालं, आणि 1619 साली तो गोव्यातच वारला. परत इंग्लंडला गेला नाही. त्याच्या जन्मगावाच्या शेजारी बसून एक नगरची बाई त्याचं मराठी वाचते, हा देवाचा विनोदच म्हणायचा. पण मला त्या ग्रंथातली खरी मोलाची गोष्ट त्याची रचना वाटते. पहिल्या पुराणात छत्तीस अध्याय आहेत आणि ते सगळे ख्रिस्ताच्या आधीचे. सृष्टीची उत्पत्ती, पतन, संदेष्टे, तारणाऱ्याची वाट पाहणं. ख्रिस्ताचं चरित्र येतं ते दुसऱ्या पुराणात. म्हणजे पारायण करणाऱ्याला जन्मापर्यंत पोहोचायला आधी छत्तीस अध्याय वाट पाहावी लागते. परदेशात आयुष्य काढलेल्या त्या माणसाला वाट पाहणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असणार. आम्ही रोज दहा-बारा ओव्याच वाचतो. कठीण शब्दांवर अडखळतो. मुलांना निम्मं कळत नाही, पण ओवीची चाल त्यांच्या कानात बसली आहे, आणि इंग्लंडात वाढणाऱ्या पोरांसाठी तेही थोडकं नाही.

"हे सगळं ठीक आहे, पण माझी ड्युटी असते त्याचं काय?" असं अनेक जणी विचारतील. नर्स, केअरर, टॅक्सी चालवणारे, हॉटेलातले, आखातात नोकरी करणारे, ज्यांना 25 तारखेलाही सुट्टी नसते. मी स्वतः नाताळच्या रात्री कितीदा तरी वॉर्डात होते. साडेबारा तासांच्या शिफ्टमध्ये दहा मिनिटं सलग मिळत नाहीत. वॉर्डात मेणबत्ती लावायला बंदी, कारण ऑक्सिजन असतो. आमच्या नर्सेस स्टेशनवर सेलवर चालणारी एक प्लास्टिकची मेणबत्ती असते आणि तिच्यावर कुणी हसत नाही. हॉस्पिटलात एक छोटं प्रार्थनाघर आहे, रात्रीही उघडं असतं. तिथे कधी एखादी मुस्लिम डॉक्टर, कधी एखादा पेशंटचा मुलगा नुसता बसलेला असतो. पाच मिनिटं मिळाली तर मी तिथे जाते. नाही मिळाली तर पहाटे तीन-चारच्या दरम्यान, सगळे झोपलेले असताना एकेका पलंगाशी सलाइन तपासत जाते, तेव्हा प्रत्येकाचं नाव मनात घेते. माझी प्रार्थना तीच.

आणि एक लक्षात घ्या. पहिल्या नाताळची बातमी ज्यांना पहिल्यांदा मिळाली, ते मेंढपाळ तेव्हा रात्रपाळीवर होते. उपासनेला बसलेले नव्हते, सुट्टीवर नव्हते. रानात जागे राहून कळप राखत होते. कामावर असलेल्या माणसाला शांतता लाभत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी. त्यांच्यापाशी होतं ते जागेपण. ते कामावरही ठेवता येतं.

आता माझ्याच म्हणण्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप मीच मांडते. शांतता हवी असं म्हणणं हे भरल्या घरातल्या माणसाचं लाड असू शकतं. एका खोलीत राहणाऱ्या, घरी फोन करून "मस्त चाललंय आई" असं सांगणाऱ्या मुलाला 25 डिसेंबरची शांतता भयाण वाटते. ना गाडी, ना बस, ना दुकान, रस्त्यावर माणूस नाही, आणि आजूबाजूच्या प्रत्येक खिडकीत एक कुटुंब जेवायला बसलेलं. त्याला मेणबत्ती लावून गप्प बस असं सांगणं क्रूरपणाचं होईल. परदेशातल्या आपल्या लोकांसाठी गर्दी ही ऊब असते, हे मी पूर्णपणे मानते. मीही पहिली दोन वर्षं त्या गर्दीच्या जोरावरच तग धरला.

पण म्हणूनच मला वाटतं की गर्दीची जागा बदलायला हवी. आपल्याकडच्या बहुतेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा मोठा कार्यक्रम डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारी होतो, जेव्हा सगळ्यांकडे आधीच चार आमंत्रणं असतात. आणि ज्या दिवसांत खरंच एकटं वाटतं, 25 ते 1, त्या दिवसांत सगळ्यांची दारं बंद. माझी सूचना साधी आहे. आगमनकाळात मंडळीने फक्त एक तासाची एक उपासना ठेवावी, जेवण नको, नाटुकलं नको, सत्कार नको. थोडं वाचन, थोडं गायन, बरीचशी शांतता. आणि मोठा मेळावा, पेटी, ढोलकी, टिळकांची भजनं, करंज्या, मुलांचे नाच, सगळं 27 डिसेंबर ते 6 जानेवारीच्या दरम्यान. तेव्हा सण खरोखरच चालू असतो आणि लोकांना सुट्ट्याही असतात. फक्त 25 तारखेसाठी प्रत्येक घराने एक ताट जास्त वाढायचं, आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याने त्या एकट्या मुलाला जाऊन घेऊन यायचं, कारण बस नसते. "ये ना कधीतरी" असं म्हणून कुणी येत नाही. वेळ सांगायची आणि गाडी काढायची.

रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असं सांगत. आमच्या मराठी ख्रिस्ती परंपरेचा तो पाया आहे. त्या वाटेवर एकांत आहे आणि कीर्तनाचा गजरही आहे. दोन्ही लागतात. वारकरी काय किंवा आमचे भजनी काय, गजर खरा होतो तो त्याआधी कुणीतरी एकांतात बसलेलं असतं म्हणून. नुसता गजर दोन-तीन पिढ्यांत कार्यक्रम होऊन जातो. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हातात आपण नाताळ म्हणून नेमकं काय देणार आहोत, याची मला खरी काळजी आहे. त्यांना भेटवस्तूंची यादी शिकवायला आपली गरज नाही, ते काम इथला बाजार आपल्यापेक्षा चांगलं करतो.

शेवटी दोन शब्द गावाकडच्या घरच्यांसाठी, कारण हे पान तुम्हीही वाचता. 24 तारखेला नगरला रात्रीचे बारा वाजून चर्चची घंटा होते, तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. कुणी स्वयंपाकघरात असतं, कुणी गाडीत, कुणी ड्युटीवर निघालेलं. त्या वेळी आमचा फोन लागला नाही तर रागावू नका, आणि लागला तर लगेच "कुठली साडी नेसलीस, दाखव" असं म्हणू नका. फोन चर्चच्या दाराशी नुसता धरा. घंटेचा आवाज येऊ द्या. दोन्हीकडून कुणी काही बोललं नाही तरी चालेल. हजारो मैलांवर असलेली माणसं पाच मिनिटं एकच घंटा ऐकत गप्प बसली, तर तेवढ्यातही त्यांची भेट होते.